बॅटरी कोण खातंय?

सयाजीराव घोरपड्यांनी बटण दाबलं आणि मोटरसायकल फक्त ‘टिक्’ म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा ‘टिक्’. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. सयाजीरावांनी मान वर करून आधी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या खिडकीकडे पाहिलं, मग शेजारच्या गच्चीकडे आणि शेवटी स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे. बॅटरीकडे पाहायचं काही त्यांना सुचलं नाही. गाडी बिघडते हे त्यांना मान्यच नव्हतं. गाडी कोणीतरी बिघडवतं, अशी त्यांची पक्की समजूत होती.

आता यात त्यांचा तरी काय दोष? बंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेलेली. दुसऱ्यांनी केलेला माल उलटासुलटा करून बघायचा आणि खोट काढायची, याचाच त्यांना अजूनही पगार मिळत होता. ही सवय संध्याकाळी कारखान्याच्या फाटकावर ठेवून येणं त्यांना कधी जमलं नाही. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांकडे ते त्याच नजरेने बघत. गोजराबाईंनी ‘आमटीत मीठ घातलंय’ म्हटलं, तरी एक चमचा तोंडात घालून खात्री करत.

बॅटरी पहिल्यांदा उतरली तेव्हा वरच्या जितेंद्रने धक्का मारून गाडी सुरू करून दिली होती. झालं, संशय जितेंद्रवर. हा पुण्याहून आलेला मुलगा, ऑफिस एचएसआर लेआउटला, आणि राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला राजाजीनगरात! का? ‘घरूनच काम असतं काका, इथे शांत आहे,’ असं तो सांगायचा. शांत जागा कोणाला लागते, हे सयाजीरावांना चांगलं माहीत होतं. त्यांनी त्याच दिवशी गाडीला चोरांसाठीचा भोंगा बसवून घेतला.

दोन दिवसांत बॅटरी पुन्हा उतरली. म्हणजे चोर भोंग्यालाही पुरून उरला होता. मग त्यांनी गाडीत, ती कुठे फिरते ते फोनवर दाखवणारी डबी बसवली. डबी इमानदार होती. गाडी घरीच उभी आहे, असं ती दिवसभर सांगत राहिली. त्यावरून सयाजीरावांनी निष्कर्ष काढला की चोर गाडी नेत नाही, गाडीतली वीज नेतो. आणि जितेंद्रचा फोन तर बघावं तेव्हा पूर्ण चार्ज असायचा.

आज मात्र नवरात्रातली अष्टमी होती. गोजराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“पुन्हा उतरली काय?”

“उतरवली,” सयाजीराव म्हणाले.

“कोणी का उतरवेना. उद्या खंडेनवमी, इथली आयुधपूजा आहे. पूजा झाली की गाडी चाकांखाली ठेवलेल्या लिंबांवरून जायला पाहिजे, ती पण बटणावर. धक्का मारून गेलेली मला चालायची नाही. नाही गेली तर हंबीर येतोच आहे उद्या, तो घेऊन जाईल. तुम्ही आपले मेट्रोने जा. इथे बसलात की पीण्याला उतरलात. अख्खी गल्ली जाते.”

सयाजीरावांनी गाडीची सीट घट्ट धरली. कारखान्यात जाताना अर्धा तास आणि येताना अर्धा तास, तेवढाच काय तो त्यांचा स्वतःचा वेळ होता. हेल्मेटच्या आत कोणी प्रश्न विचारत नाही, कोणी काही आणायला सांगत नाही. तुमकुर रोडच्या गर्दीत अडकले तरी ते सुखात असत. ती गाडी गेली तर त्यांचं असं म्हणायला काही उरणार नव्हतं.

आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हंबीरराव! बायकोचा भाऊ, बोम्मसंद्र्यात वर्कशॉप चालवणारा. गाडी मिळाली तर फायदा कोणाचा? त्याचा. हट्ट कोणाचा? त्याच्या बहिणीचा. त्या रात्री जेवताना सयाजीरावांनी बायकोच्या हातांकडे फार बारकाईने पाहिलं.

नवमीला सकाळी हंबीरराव आले ते थेट गाडीजवळ गेले. सयाजीराव मागोमाग धावले.

“दाजी, बॅटरी उतरलीय असं अक्का म्हणाली. माझ्या कारमधनं करंट देऊया. केबल आणलीय बघा.”

“तू केबल घेऊनच आलास?” सयाजीरावांनी डोळे बारीक केले. “तुला आधीच माहीत होतं?”

“अक्काने फोन केला की काल.”

“सरी, ठीक आहे. आण इकडे. मी लावतो.”

केबलची दोन टोकं लाल होती, दोन काळी. दुसरा कोणीही लालला लाल आणि काळ्याला काळं लावून मोकळा झाला असता. पण सयाजीराव तपासणी खात्यातले. हंबीररावांनी दिलेली लाल वायर आतूनही लालच आहे, हे कशावरून? त्यांनी विचार केला, वायर खाली-वर करून पाहिली, आणि मेव्हण्याचा डाव हाणून पाडण्यासाठी मुद्दाम उलटी जोडली.

‘फट्!’

“अयय्यो दाजी! हे काय केलं?” हंबीररावांनी झडप घालून केबल ओढली.

वरून जितेंद्र धावत आला. फोनमध्ये शोधून म्हणाला, “काका, उलटं लागलं की मेन फ्यूज उडतो. बाकी सेफ असतं म्हणे. फ्यूज बदलला की झालं. स्पेअर पण फ्यूजच्याच डबीत असतो.”

“तुला बरं माहीत?”

“आत्ताच वाचलं काका, तुमच्यासमोर.”

फ्यूजची डबी कुठे असावी? सीट काढली, बाजूचं झाकण काढलं, तेव्हा ती बॅटरीच्या मागे, लोखंडी पट्टीच्या आड, अगदी तळाशी दिसली. कंपनीने ती बहुधा गाडी बनवायच्या आधी तिथे ठेवली असावी. सयाजीरावांचा हात मनगटाशी अडकला. हंबीररावांचा पंजा तर आत शिरेनाच. जितेंद्रची बोटं डबीपर्यंत पोचली, पण झाकण उघडायला अंगठा आत जाईना.

“राहुकाळ लागेल थोड्या वेळात,” गोजराबाई ओट्यावरून म्हणाल्या. हातात पूजेचं ताट होतं. “सरका बघू. मी घालते हात.”

“तू?” सयाजीराव दचकले. जिच्यावर संशय, तिचाच हात गाडीच्या पोटात! “आधी बांगड्या काढ. सोनं बॅटरीला लागलं तर ठिणगी उडेल.”

“पाटल्या काढते. काचेच्या नाही काढणार. सणाचा दिवस आहे, हात मोकळे ठेवायचे नाहीत.” त्यांनी पाटल्या उतरवल्या आणि सरळ जितेंद्रच्या हातात दिल्या.

“त्याच्याकडे कशाला?”

“तुमच्याकडे दिल्या तर कसोटीवर घासून बघाल.”

हंबीररावांनी हसू लपवायला तोंड फिरवलं. गोजराबाईंचा हात हिरव्या चुड्यासकट अलगद आत गेला. जितेंद्र बॅटरी धरायला गाडीच्या मागे शिरला. तिथे फारशी जागा नव्हती, कारण कोणाला नंबर वाचता येऊ नये म्हणून सयाजीराव गाडीचं मागचं अंग नेहमी भिंतीला टेकवूनच उभं करत.

“अगंबाई, इथे वायरींचं जंजाळ आहे नुसतं,” गोजराबाई म्हणाल्या. “ही एक डबी. ही दुसरी डबी. ह्या कशाला?”

“एक भोंगा आहे. एक गाडी कुठे आहे ते सांगते.”

“गाडी भिंतीला टेकून उभी आहे, ते सांगायला डबी?”

“काकू, ह्या दोन्ही बॅटरीवरच चालतात,” जितेंद्र मागून म्हणाला. “दिवसरात्र करंट खात असणार.”

“पण पहिल्यांदा उतरली तेव्हा डब्या नव्हत्या!” सयाजीरावांनी बोट रोखलं. “तेव्हा कोणी खाल्ली?”

गोजराबाईंच्या हाताखाली आत ‘कट्’ असा आवाज झाला आणि नवा फ्यूज बसला. हंबीररावांनी केबल या वेळी स्वतः लावली. आणि मागे अडकलेला जितेंद्र एकदम ओरडला.

“काका! माझा शर्ट लाल झालाय!”

सगळे वाकले. भिंत लाल, जितेंद्र लाल. गाडीचा मागचा दिवा मजेत पेटला होता.

“किल्ली कुठे आहे?” गोजराबाईंनी विचारलं.

“माझ्या खिशात.”

“मग दिवा कसा पेटला?”

हंबीरराव पुढे जाऊन कुलूप बघून आले. “दाजी, हँडल लॉक केल्यावर किल्ली आणखी पुढे फिरवता काय तुम्ही?”

“फिरवणारच! लॉक करून पुन्हा एक जोराचा पीळ. लॉक नीट बसलं की नाही याची खात्री नको?”

“तो एक पीळ जास्त होतो. त्यानं पार्किंगचा दिवा लागतो. किल्ली निघते, दिवा तसाच राहतो. आणि दिव्याचं तोंड भिंतीकडे, म्हणजे कोणाला दिसणार?”

सयाजीरावांनी खिशातली किल्ली काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली. एवढ्या दिवसांत ज्या एका माणसाचा संशय घ्यायचा राहून गेला होता, त्याचं तोंड त्यांना गाडीच्या आरशात दिसत होतं. ते कानापर्यंत तांबडं झालेलं होतं.

राहुकाळ लागायच्या आत पूजा झाली. सयाजीरावांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं आणि गाडी खणखणीत सुरू झाली. लिंबं चिरडली. सयाजीरावांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी मोठ्या मनाने मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुझी गाडी गेली रे हंबीर. वाईट वाटून घेऊ नकोस.”

“मला कुठे पाहिजे होती दाजी?” हंबीरराव हात जोडून म्हणाले. “अक्काच मागे लागलीय, घेऊन जा, घेऊन जा. मी आपला टाळतोय.”

सयाजीराव बायकोकडे वळले. जुना संशय पुन्हा डोकं वर काढू लागला. “का गं? तुला काय त्रास आहे या गाडीचा?”

गोजराबाई ताटातली फुलं सारखी करत राहिल्या. “पाऊस आला की तुमकुर रोडचं काय होतं बघितलंय ना? खड्डे दिसत नाहीत, ट्रकवाल्यांना तुम्ही दिसत नाही. संध्याकाळी फाटकात गाडी वाजेपर्यंत माझं लक्ष कशात लागत नाही. चहाचं आधण दोन-दोनदा आटतं. तुम्ही हेल्मेटात सुखी. मी काय घालू डोक्यात?”

सयाजीरावांना मनापासून वाईट वाटलं. “स्वल्प हळू चालवीन,” ते पुटपुटले.

“बरं. लिंबांवरून गेली, गाडी राहू दे. बोलले तशी वागते मी.” गोजराबाईंनी जितेंद्रकडून पाटल्या परत घेतल्या आणि हातात चढवल्या. “आता फ्यूज कुठे असतो ते मला कळलंय. तुमचा कोणाचा हात पोचत नाही तिथे.”

हे वाक्य सयाजीरावांनी ऐकलं, पण तपासलं नाही.

दसरा झाला. भोंगा निघाला, डबी निघाली, जास्तीचा पीळही बंद झाला. गाडी रोज पहिल्या बटणाला सुरू व्हायची. मग एका सकाळी आभाळ गच्च भरून आलं. सयाजीरावांनी घाईघाईने हेल्मेट चढवलं, किल्ली फिरवली आणि बटण दाबलं. ‘टिक्’सुद्धा नाही.

वरची खिडकी उघडली. “काका, धक्का देऊ का?”

सयाजीरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत काचेच्या बांगड्या वाजत होत्या आणि कोणीतरी उगीचच भांडी आपटत होतं. या वेळी त्यांना कोणाचाही संशय आला नाही.

“नको रे बाबा,” ते म्हणाले. गाडीच्या हँडलला त्यांची छत्री आधीच अडकवून ठेवलेली होती. त्यांनी हेल्मेट काढलं, छत्री घेतली आणि ते मेट्रोच्या दिशेने चालू लागले.