बावीस किलोमीटरची बाळंतीण

"अभिनंदन!" फोनवरून संशोधक बाईंचा आवाज इतक्या जोरात आला, की प्रसूती विभागाच्या मोठ्या बाईंनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. "शुक्रवारची तुमची चार नंबरची बाई, कळा सुरू असताना एकतीस हजार दोनशे चाळीस पावलं चालली आहे. म्हणजे जवळजवळ बावीस किलोमीटर! अभ्यासात एवढं अजून कुणीच चाललेलं नाही."

"चार नंबर?" मोठ्या बाई म्हणाल्या. "नक्की?"

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई. उद्या मी स्वतः येते. सोबत फोटो काढणारेही असतील."

फोन ठेवून मोठ्या बाईंनी समोरच्या धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणजे विभागातली सगळ्यात नवी सुईण. अभ्यासाची यंत्रं तिच्या ताब्यात होती.

"अगं, चार नंबरचे पाय आठवतात तुला? सुजून टम्म झाले होते. ती सकाळपासून खुर्चीवर उलटी बसली होती. फार तर तीनदा न्हाणीघरात गेली असेल."

"आपलं न्हाणीघर साडेतीन किलोमीटरवर नाही," धाकटी हळूच म्हणाली.

अभ्यास असा होता. कळा सुरू झालेल्या बाईनं खाटेवर आडवं पडून छत पाहत राहण्यापेक्षा उभं राहावं, चालावं, हवं तसं बसावं. त्यानं बाळंतपण लवकर उरकायला मदत होते, असं संशोधन सांगत होतं. मोठ्या बाई हेच तेहेतीस वर्षं सांगत होत्या, पण त्यांच्या सांगण्याला आलेख नव्हता. आता काही रुग्णालयांत बायकांच्या घोट्याला पावलं मोजणारा पट्टा बांधून आकडे गोळा केले जात होते. मोठ्या बाईंनी त्यात हौसेनं नाव दिलं होतं, कारण त्यांचा जीव एका व्हरांड्यात अडकला होता.

प्रसूती विभागाबाहेरचा तो व्हरांडा जिन्याच्या दारापासून खिडकीपर्यंत साठ पावलांचा होता. भिंतीला धरायला कठडा, मध्ये दोन बाकं, टोकाला उजेड. त्यांच्या बायका तिथे चालायच्या. आणि रुग्णालयाच्या अधीक्षकसाहेबांना तिथे जुन्या केसपेपरांची कपाटं ठेवायची होती. "रिकामी जागा आहे," असं ते म्हणत. अभ्यासाचे आकडे चांगले आले तर कपाटं दुसरीकडे जातील, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं.

त्यामुळे बावीस किलोमीटरचा आकडा ऐकून क्षणभर मोठ्या बाईंनाही वाटलं, असेल बाई चालली. आपलंच लक्ष नसेल.

तेवढ्यात अधीक्षकसाहेब आत आले. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती, आणि त्यांचा चेहरा स्वतः बावीस किलोमीटर चालून आल्यासारखा फुलला होता.

"बाई, मी म्हणतच होतो, या व्हरांड्यात काहीतरी आहे!"

"तुम्ही म्हणत होता, कपाटांना जागा आहे."

"ते जाऊ द्या. मी प्रवेशद्वाराशी फलक लावायला सांगितलाय. मोठ्या अक्षरात. 'येथे माता बावीस किलोमीटर चालतात.'"

"साहेब, जरा थांबा. एकदा खात्री..."

"खात्री काय करायची? यंत्र आहे ते!"

फलक अकराला लागला. साडेअकराला तपासणीच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. बाराला आठव्या महिन्याची एक बाई धावण्याचे बूट घालून आली आणि तिनं विचारलं, "बाई, रोज थोडं थोडं चाललं तर चालतं, की सगळं त्याच दिवशी चालावं लागतं?" तिच्या मागच्या बाईनं विचारलंच नाही. तिनं सरळ टेबलाशी येऊन सांगितलं, "माझं पोट फाडूनच बाळ काढा. मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालवत नाही."

दुपारी एका बाईचा नवरा घाम पुसत आला. "बाई, माझी बायको सकाळपासून जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारतेय. एकशे नव्वद झाल्या. तिची आई तिला मोजून देतेय. मी थांब म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, तुम्हाला काय कळतंय बाळंतपणातलं!"

"बसवा तिला आधी!" मोठ्या बाई उठूनच उभ्या राहिल्या. "पाणी द्या. आणि सासूबाईंनाही बसवा."

नवरा गेल्यावर त्या धाकटीला म्हणाल्या, "मी तेहेतीस वर्षं बायकांना सांगतेय, घाबरू नका, हवं तसं करा. ते सगळं या फलकानं अर्ध्या दिवसात धुऊन नेलं. चल, चार नंबरला विचारू."

चार नंबरची बाळंतीण बाळाला छातीशी घेऊन निवांत बसली होती. पहिलटकरीण. नवरा कामासाठी परमुलखात, आई दीड वर्षापूर्वी गेलेली. म्हणून सोबतीला आले होते तिचे वडील, निवृत्त पोस्टमन. त्यांना अख्खा विभाग पोस्टमनकाका म्हणत होता. सध्या ते खाटेशेजारी स्टुलावर बसून नातीची टोपडी एकसारख्या घड्या घालून आकारानुसार लावत होते.

"पट्टा?" बाळंतीण म्हणाली. "तो बोचत होता हो. बांधल्यावर दहा मिनिटांत काढला मी. बाबांकडे दिला सांभाळायला."

दोघींनी पोस्टमनकाकांकडे पाहिलं.

"मी सांभाळला," काका ताठ बसत म्हणाले. "दिवसभर खिशातून हलू दिला नाही. माझ्या हाती दिलेली वस्तू एकोणचाळीस वर्षांत कधी हरवली नाही."

"आणि तुम्ही दिवसभर कुठे होता, काका?"

"कुठे म्हणजे? व्हरांड्यात. फेऱ्या मारत होतो. दुसरं काय करणार?"

"किती वाजल्यापासून?"

"सातपासून सहापर्यंत. दुपारी थोडा चहा घेतला. तोही चालत."

धाकटीनं कपाळाला हात लावला. सगळा प्रकार आता तिला लख्ख आठवला. नियम असा होता, की पट्टा सुईणीनं स्वतः घोट्यावरून काढायचा. पण शुक्रवारी बाळ येण्याच्या धांदलीत काकांनीच तो तिला आणून दिला होता, पाकिटात घालून. पाकिटावर सुवाच्य अक्षरात प्रसूती विभाग, पहिला मजला, खाट क्रमांक चार असा पत्ता होता, आणि काकांनी तिच्याकडून पोच म्हणून सहीसुद्धा घेतली होती.

"एवढा नीट पत्ता लिहिलेला पाहून मला शंकाच आली नाही, बाई," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"पत्ता बरोबरच होता," काका म्हणाले.

बाहेर आल्यावर धाकटीनं मोठ्या बाईंचा हात धरला. "बाई, एक सांगू? गप्प बसू या. उद्या चार नंबर हसून फोटो काढून घेईल. आकडा राहील, व्हरांडा राहील. कुणाचं काय बिघडलं?"

मोठ्या बाई खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. एकशे वीस पावलं. व्हरांडा त्यांना हवा होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि मागे ठेवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"मुलाचा वाढदिवस सोयीच्या तारखेला यावा, म्हणून लोकांनी माझ्यापुढे हात जोडलेत," त्या म्हणाल्या. "मी जन्माची वेळ मिनिटानं पुढे-मागे लिहिली नाही. आता आजोबांची पावलं आईच्या नावावर कशी लिहू? आणि ती टेबलाभोवती फिरणारी? तिला काही झालं म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या खाटेभोवती संशोधक बाई, फोटो काढणारे, अधीक्षकसाहेब आणि फुलांचा एक गुच्छ असे सगळे जमले. कॅमेरा वर जायच्या आत मोठ्या बाईंनी सांगून टाकलं. पट्टा, खिसा, पाकीट, पोच. काहीही न गाळता.

पोस्टमनकाका उभे राहिले. "चूक माझी आहे. पण सिस्टर, वस्तू मी वेळेत पोचवली होती."

"म्हणजे," अधीक्षकसाहेब सावकाश म्हणाले, "बावीस किलोमीटर हे चालले?"

"हो."

"आणि मी फलक लावला?"

"हो, साहेब. तो आधी काढू या."

संशोधक बाईंनी वहीत आकड्यावर काट मारली. मग मान वर करून त्यांनी बाळंतिणीला विचारलं, "तू अजिबातच चालली नाहीस? पण नोंदीत तर तुझी प्रसूती किती शांत झालीय. औषधही जवळपास लागलं नाही. पहिलीच ना तुझी?"

"मी कशाला चालू? बाबा चालत होते ना," बाळंतीण म्हणाली. "आत या म्हटलं तर लाजत होते. आई असती तर ती आत बसली असती. हे बाहेरच. पण यांचा डावा बूट करकरतो. लहानपणी रस्त्याच्या टोकाला वाजला तरी मला घरात कळायचं, बाबा आले. कळ सुरू झाली, की मी त्या बुटाकडे लक्ष द्यायचे. दारापासून निघाले, की श्वास घ्यायला लागायचे. ते खिडकीशी पोचेपर्यंत कळ उतरलेली असायची. प्रत्येक वेळी. म्हणून चहाचा कप हातात घ्यायला ते क्षणभर थांबले तेव्हा मी ओरडले."

"मला वाटलं, साखर कमी हवी म्हणून ओरडतेस," काका म्हणाले, आणि एकदम वळून टोपड्यांच्या घड्या पुन्हा घालू लागले.

संशोधक बाईंची लेखणी वहीवर थांबून राहिली. "सोबतीच्या माणसाचा उपयोग होतो, हे अभ्यासांत आलंय," त्या म्हणाल्या. "पण बुटासाठी माझ्याकडे रकाना नाही."

"रकाना नाही म्हणजे पुरावा नाही," अधीक्षकसाहेब म्हणाले. फलकाचा राग कुठेतरी काढायचाच होता. "सोमवारी कपाटं येतील."

सोमवारी कपाटं आली. लोखंडी, उंच, चार. व्हरांड्याच्या बरोबर मध्ये ठेवली गेली, कारण भिंतीला लावायला कठडा आड येत होता. साठ पावलांची वाट मोडली. बायका पोट सांभाळत कपाटांना वळसा घालू लागल्या. मोठ्या बाईंनी तीन अर्ज दिले. तिन्ही अर्ज त्याच कपाटांत नीट लावून ठेवले गेले.

दोन महिने गेले. एका सकाळी आठ वाजता अधीक्षकसाहेब स्वतःच जिना चढून आले. सोबत त्यांची मुलगी होती, कळा सुरू झालेली. तिची आई बहिणीच्या आजारपणासाठी परगावी गेली होती आणि पुढच्या गाडीनं निघाली होती. जावई बायकोचा हात धरून आत गेला. साहेब दारातच घुटमळले.

"बाबा, आत नका येऊ, तुम्ही घाबरवाल मला," मुलगी आतून म्हणाली. "पण लांबही जाऊ नका."

मोठ्या बाईंनी त्यांच्या हातावर पट्टा ठेवला. "खिशात ठेवा."

"मी? मला कशाला?"

"नवा अभ्यास आहे. संशोधक बाईंनी रकाना वाढवलाय. 'बाहेर कोण चालत होतं?'"

"मी काही चालणार नाही," साहेब म्हणाले, आणि चालायला लागले.

पहिल्या फेरीत ते कपाटांना वळसा घालून गेले. दुसऱ्या फेरीत खांदा घासला. सातव्या फेरीत, आतून मुलीचा कण्हण्याचा आवाज आला म्हणून त्यांनी मान वळवली आणि गुडघा खण्णकन लोखंडावर आदळला. ते जागच्या जागी वाकले. पावलं थांबली.

"बाबा!" आतून कळवळून हाक आली. "थांबू नका ना!"

साहेब लंगडत सरळ झाले. "ही कपाटं," ते ओरडले, "इथे वाटेत कुणी आणून ठेवली?"

"तुमच्या सहीनं आलीत, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "पोच आहे माझ्याकडे."

अर्ध्या तासात सहा माणसं आली आणि कपाटं हलली. दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून ती साहेबांच्याच खोलीत गेली. त्यांची खुर्ची बाहेर काढावी लागली, पण त्या दिवशी तिची कुणाला गरज नव्हती.

अकराच्या सुमाराला साहेब खिडकीशी दम घेत थांबले. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी खिशातला पट्टा काढून हळूच पाहिला.

"बाई, त्या पोस्टमनचा आकडा किती होता हो?"

"एकतीस हजार दोनशे चाळीस."

"माझे सहा हजार झालेत."

"पहिलटकरीण आहे, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "अजून भरपूर वेळ आहे. चाला."