चूक काढण्याचा विहित नमुना

हौशी छायाचित्रकार मंडळाच्या एकसष्टाव्या मासिक सभेत चष्मेवाल्यांच्या फोटोला सर्वानुमते 'छान' असा अभिप्राय मिळाला. यात गंभीर काहीच नव्हतं. आधीच्या साठ सभांतही त्यांच्या फोटोंना छानच म्हटलं गेलं होतं, आणि वार्षिक प्रदर्शनात दर वेळी त्यांचा फोटो हात धुण्याच्या बेसिनशेजारी टांगला गेला होता. पाच वर्षांत त्या फोटोंवर जितकं पाणी उडालं तितक्या नजरा पडल्या नव्हत्या. या खेपेला मात्र चष्मेवाले उभे राहिले आणि म्हणाले, "छान म्हणजे नक्की काय छान?"

वाचनालयाच्या माडीवरच्या त्या खोलीत सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या. प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेला फोटो तसाच राहिला.

"छान म्हणजे... एकंदरीत छान," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त निबंधक. छत्तीस वर्षं लोकांच्या दस्तांवर शिक्के मारून त्यांची नजर अशी तयार झाली होती की, शिक्का नसलेली वस्तू त्यांना दिसतच नसे.

"एकंदरीत नको. माझी चूक काढा."

आता मंडळात पाच वर्षं फोटो काढले जात होते, चूक कोणी काढली नव्हती. म्हणजे काढत होते, पण ती जिन्यात, फोटोचा मालक चार पायऱ्या पुढे गेल्यावर. आणि जिन्यातल्या कामकाजाचं इतिवृत्त ठेवायची पद्धत नव्हती.

चष्मेवाल्यांचा मात्र खऱ्यावर विश्वास होता. दुकानात ते दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचे, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" आणि लोक खरं काय ते सांगायचे. ते लोकांना तोंडावर "नंबर वाढलाय" म्हणायचे आणि लोक आभार मानून जायचे. जे भिंगाच्या बाबतीत चालतं ते फोटोच्या बाबतीत का चालू नये, हे त्यांना कळेना. शिवाय यंदा त्यांना समोरची भिंत हवी होती. दारातून आत शिरलं की पहिली दिसते ती भिंत. तीस वर्षं दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून झटलेल्या माणसाला एकदा आपणही कोणाला दिसावं असं वाटलं, तर त्यात वावगं काही नाही.

अध्यक्षांनी मागणी तत्त्वतः मान्य केली. एखादी गोष्ट होऊ द्यायची नसली की ते ती तत्त्वतः मान्य करत. लगोलग 'स्पष्टमत उपसमिती' नेमण्यात आली. तिच्यात स्वतः अध्यक्ष, दातांचे डॉक्टर आणि गणिताच्या बाई असे तिघे होते.

डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत मूलभूत मुद्दा मांडला. "दात काढायच्या आधी आम्ही भूल देतो. चूक काढायच्या आधी नको का द्यायला?"

हे सगळ्यांनाच पटलं. म्हणून ठरलं की, चुकीच्या आधी दोन स्तुती कराव्यात आणि नंतर एक. पहिल्या दोन भिनेपर्यंत पाच मिनिटं थांबावं. चूक बारा शब्दांपेक्षा लांब नसावी. ती विहित नमुन्यात तीन प्रतींत लिहून फोटोवाल्याला सात दिवस आधी पोचती करावी, म्हणजे सभेत ऐकताना त्याची पुरेशी तयारी झालेली असेल. नमुन्याच्या तळाशी फोटोवाल्याने सही करायची होती: 'सदर चूक माझीच असून ती दाखवण्यास माझी हरकत नाही.'

"आणि हरकत असली तर?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"मग ती चूक नव्हेच," अध्यक्ष म्हणाले.

पहिला मान अध्यक्षांनी स्वतःकडे घेतला. त्यांचा फोटो तळ्यावरच्या सूर्यास्ताचा होता. डॉक्टरांनी दोन स्तुती केल्या, घड्याळ लावून पाच मिनिटं वाट पाहिली, सवयीने "आता काही जाणवतंय का?" असं विचारलं, आणि मग म्हणाले, "क्षितिज डावीकडे कललंय."

अध्यक्षांनी हरकत घेतली नाही. त्यांनी चौकशी लावली. दोन सदस्य त्या तळ्यावर जाऊन आले आणि त्यांनी अहवाल सादर केला की, प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी क्षितिज जागेवर हजर होतं, परंतु जवळ जाऊ लागताच ते मागे सरकत गेलं, सबब त्याचा जबाब नोंदवता आला नाही. जबाब द्यायला कचरतो तोच दोषी, हा अध्यक्षांचा छत्तीस वर्षांचा अनुभव होता. कललेपणाची जबाबदारी क्षितिजावर टाकून प्रकरण बंद करण्यात आलं. डॉक्टरांना दंड म्हणून तीन जादा स्तुती कराव्या लागल्या, त्याही भुलीशिवाय.

पुन्हा असा प्रसंग ओढवू नये म्हणून गणिताच्या बाईंनी चुकांची पक्की यादीच करून टाकली. अनुक्रमांक एक ते चाळीस. आता फोटो बघायची गरज उरली नाही, नुसतं "अकरा" म्हटलं की भागे. कोणावर अन्याय नको म्हणून चुका चिठ्ठ्या टाकून वाटल्या जाऊ लागल्या. आणि मग नवलच झालं. लोकांना चुका आवडू लागल्या. ज्याला चूक मिळे तो हनुवटी चोळत विचारात पडल्यासारखा बसे. "या महिन्यात मला तेवीस आली, अवघड असते ती," असं चहाच्या वेळी ऐकू येऊ लागलं. एकदा चिठ्ठी कमी पडल्यामुळे एका बाईंच्या वाट्याला चूकच आली नाही, तर त्या रडवेल्या झाल्या. "म्हणजे माझा फोटो कोणी बघितलाच नाही!" त्यांची समजूत काढण्यासाठी त्यांना पुढच्या महिन्याची चूक आगाऊ देण्यात आली, आणि त्यांनी पुढचा फोटो त्या चुकीला शोभेल असाच काढला.

प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले तेव्हा चष्मेवाल्यांच्या चिठ्ठीत निघालं: सतरा. पार्श्वभूमी गरजेपेक्षा जास्त. फोटो त्यांच्या बायकोचा होता. त्यांचे सगळेच फोटो तिचे असत. रविवारी सकाळी मागच्या खोलीच्या खिडकीतून उजेड येई, तिथे ती बसे आणि हे काढत. चूक मिळाली या आनंदात ते जिना दोन-दोन पायऱ्या सोडून उतरले. त्यात अध्यक्षांनी हळूच सांगितलं होतं की, एवढी दुरुस्ती झाली की समोरची भिंत तुमचीच.

फोटोच्या कडा छाटून, नवी प्रत काढून ते घरी आले. बायको पुढच्या खोलीत एका मुलीची बाही उसवत होती. ती शिवणाचा वर्ग चालवायची. कोणाचं काही चुकलं की स्तुतीबितीच्या भानगडीत न पडता "उसव" म्हणायची, आणि तरी तिच्या वर्गात जागा मिळत नसे.

"बघ, चूक दुरुस्त केली," चष्मेवाले म्हणाले. "कसा वाटतो? खरं सांग."

तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि फोटो हातभर लांब धरला. "खरं सांगू?"

"सांग की."

"कापड बेततानाच चुकलंय. आता काठ कापून काय उपयोग?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे यात मी नाहीये."

"अगं, ही काय तू! चांगली मधोमध आहेस!"

"ही खिडकीला लावलेली बाई आहे. अहो, पाच वर्षं दर रविवारी तुम्ही मला म्हणता, हलू नकोस. हसले की हलू नकोस. काही सांगायला तोंड उघडलं की, एक मिनिट, हलू नकोस. मग फोटोत येणार काय? हे एकदाचं संपतंय कधी, याची वाट बघणारी बाई. सगळ्यांत तीच आहे. जुने काढून बघा हवं तर."

चष्मेवाल्यांनी काढून बघितले. साठ-सत्तर फोटो जमिनीवर पसरले. प्रत्येकात उजेड निराळा होता, कपडे निराळे होते, आणि चेहऱ्यावरचा भाव एकच होता, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसाचा. जगाचे डोळे तपासणाऱ्या माणसाला पाच वर्षं समोर बसलेली बायको दिसली नव्हती. तिचं म्हणणं खरं होतं, शंभर टक्के खरं, आणि नेमकं असंच काहीतरी कोणीतरी सांगावं म्हणून ते मंडळात उभे राहिले होते. आता करायचं एवढंच होतं की फोटो मागे घ्यायचा आणि तिला म्हणायचं, ये, बस, हवं तेवढं हल. ते एकेक फोटो उचलू लागले. मग त्यांना समोरची भिंत आठवली.

"पण तू," ते सावकाश म्हणाले, "आधी दोन स्तुती नाही केल्यास."

तरीही माणूस सरळ होता. बायकोचं मत त्याने लपवलं नाही. तिच्या वतीने स्वतःच नमुना भरला, तीन प्रतींत, आणि हे मत ग्राह्य धरायचं की कसं, ते उपसमितीवर सोपवलं. उपसमितीने तिला सुनावणीला बोलावलं. रविवारी दहाच्या सभेला ती आली ती गळ्यातली मोजपट्टी तशीच ठेवून.

"आपण या फोटोचा विषय आहात?" अध्यक्षांनी विचारलं.

"असं हे म्हणतात."

"विषयाला मत असतं का?" अध्यक्ष गणिताच्या बाईंकडे वळले.

"गणितात तरी नसतं," बाई म्हणाल्या. "त्रिकोण कधी उलटून बोलल्याचं माझ्या बघण्यात नाही. शिवाय यांची चूक पन्नास शब्दांच्या वर जाते."

"आणि भुलीशिवाय दिलीय," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"पण यांनीच विचारलं होतं, खरं सांग म्हणून."

"अहो बाई," अध्यक्ष मायेने म्हणाले, "तसं विचारायची रीत असते. सांगायची नसते."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. चष्मेवाले नमुन्याची तिसरी प्रत वाचत होते. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला असता तरी पुष्कळ झालं असतं. ते वाचत राहिले.

"बरं," ती म्हणाली आणि टेबलावरचा त्यांचा कॅमेरा तिने उचलला. "मग मी एक फोटो काढते. कोणी हलू नका."

कॅमेरा प्रोजेक्टरला जोडलेलाच होता. अख्खी सभा भिंतीवर उमटली, आणि पाच वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं.

"अरे देवा, हे पोट माझं?" अध्यक्ष ओरडले.

"माझे डोळे मिटलेत! इतका वेळ उघडे होते, नेमके आताच कसे मिटले?"

"हे दात माझे नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"उजेड तोंडावर पडायला हवा, टकलावर काय पाडलाय!" "जरा वरून काढायचा ना!" "मी कुठाय? हा कान तेवढा माझा वाटतो!" नमुना कोणी मागितला नाही. सात दिवसांची मुदतही कोणाला आठवली नाही. यादीतल्या चाळीसच्या चाळीस चुका निघाल्या आणि वर यादीत नसलेल्या नऊ. चष्मेवाल्यांनीही आधी स्वतःलाच शोधलं. तिसऱ्या खुर्चीत हातात कागद घेतलेला एक माणूस होता, तोंड अर्धवट उघडं, हे एकदाचं संपतंय कधी असा चेहरा. तो त्यांना मुळीच आवडला नाही.

सदर फोटो तात्काळ काढून टाकावा, असा ठराव अध्यक्षांनी मांडला. अनुमोदन चष्मेवाल्यांनी दिलं. बायकोने कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला. "घ्या. काढायचं काय नि काढून टाकायचं काय, तुम्हालाच जमतं ते." त्यांनी बटण दाबलं. मग विषयाचं मत अग्राह्य ठरलं आणि त्यांना समोरची भिंत मिळाली.

प्रदर्शन झालं त्यानंतरच्या रविवारी मागच्या खोलीत नेहमीसारखा उजेड आला. चष्मेवाल्यांनी कॅमेरा लावला आणि हाक मारली, "अगं, येतेस ना?"

"तिथे खुर्ची ठेवा," पुढच्या खोलीतून उत्तर आलं. "ती हलत नाही."

आवाजात राग असता तर त्यांनी तिची समजूत काढली असती. पण दोरा कुठल्या डब्यात आहे ते सांगावं, तसं तिने ते सांगितलं होतं. त्यांनी खुर्ची ठेवली. फोटो काढला. उजेड अगदी हवा तसा पडला होता. पुढच्या सभेत उपसमितीने तो चिठ्ठी न टाकताच निर्दोष ठरवला, मंडळाच्या इतिहासातला पहिला निर्दोष फोटो म्हणून अध्यक्षांनी त्यावर शिक्का मारला, आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यांना भर सभेत रडू फुटलं. इतिवृत्तात त्याची नोंद 'आनंदाश्रू' अशी आहे.

आता शेवटचं. ग्रुप फोटो हातात आला की माणूस त्यात आधी स्वतःला शोधतो. अशी गोष्ट हातात आली की मात्र त्याच्या उलट होतं. हे वाचताना तुम्हाला तुमच्या कचेरीतले साहेब दिसले असतील, शेजारचे काका दिसले असतील, तुमचा मेव्हणा तर हुबेहूब दिसला असेल, आणि ही गोष्ट त्याला पाठवायलाच हवी असंही मनात येऊन गेलं असेल. अवश्य पाठवा. फक्त त्याआधी मागच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात कोण उभं आहे, ते जरा झूम करून बघा.