पासष्ट गुणांचं नाणं

नाण्यांच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही. हे मी नाही म्हणत, आमच्या नाणेसंग्राहक मंडळातले सगळे म्हणतात. निदान मी बोलत असताना तिथे कोणी 'नाही' म्हणत नाही!

त्यामुळे राजाचा चेहरा असलेलं ते जुनं चांदीचं नाणं मी काही डोळे झाकून घेतलं नव्हतं. दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने त्याला सत्तरपैकी पासष्ट गुण दिले होते आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद केलं होतं. डबीवर गुण, डबीवर नंबर आणि वर कंपनीची हमी, की गुण जास्त दिल्याचं सिद्ध झालं तर फरकाची भरपाई देऊ. माणसाला आणखी काय पाहिजे?

बायकोला वॉशिंग मशीन पाहिजे होतं. तिचं मनगट दुखतं, पिळे घालताना तर फारच. मशीनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतूनच नाणं आलं होतं. "याचा भाव वाढू दे, दोन मशीनं घेऊ!" मी म्हणालो. ती बादली उचलून न्हाणीघरात गेली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण नाणं फार देखणं होतं हो!

अगदी तसंच नाणं माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या दादाने, त्याच दुकानातून घेतलं. तेच साल, तीच कंपनी, तेच पासष्ट. मी पाहताक्षणी सांगून टाकलं, "तुमच्या नाण्यावर कंपनीने गुण उधळलेत."

"जावईबापू, आधी तुमचं भिंग पुसा!" मेहुणा म्हणाला.

तेव्हापासून तो आला की दोन्ही डब्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या आणि जेवण गार होईपर्यंत भांडायचं, असा शिरस्ताच पडला. एकदा तर बायको हातात गरम पातेलं घेऊन "टेबल रिकामं करा!" म्हणून ओरडली, तेव्हा कुठे आम्ही घाईघाईने डब्या खिशात कोंबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंग लावलं आणि पाहतो तर काय! राजाच्या गालावर ओरखडा! कानावरचे केस झिजलेले! इतके दिवस हे मला दिसलं कसं नाही? पण मग हमी आठवली आणि मी टुणकन उडी मारली.

"अगं, मशीन आलं समज! हे नाणं पासष्टचं नाहीच! भरपाई मिळणार!"

"नक्की?" तिचा चेहरा असा उजळला की मला अजूनच चेव चढला.

"नाही मिळाली तर घरातले सगळे कपडे मी धुईन! कायमचे!"

"बरं, जाण्याआधी पावतीवरचा नंबर तेवढा जुळवून घ्या."

"नंबर? स्वतःच्या पोराला कोणी हजेरीच्या नंबरावरून ओळखतं का?"

आम्ही दोघं कंपनीत गेलो. काउंटरमागच्या परीक्षक बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "गुण कमी पडले म्हणून भांडायला आलात ना? सगळे त्यासाठीच येतात."

"छे! जास्त पडले म्हणून आलोय! बाई, हे नाणं भिकार आहे!"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "ओरखडा डबीवर असेल."

"डबी तिरकी करून बघा! ओरखडा हलतोय? नाही हलत! आणि हे केस बघा. या राजाला टक्कल पडत चाललंय, बाई!"

अर्धं ऑफिस गोळा झालं. मी असा काही बोललो की समोरचा राजा जिवंत असता तर लाजून डबीत उलटा फिरला असता. बायको माझ्याकडे अभिमानाने पाहत होती. असं तिने लग्नानंतर प्रथमच पाहिलं असावं. शेवटी बाई डबी घेऊन आत गेल्या, सहकाऱ्यांशी खल करून आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. अठ्ठावन्न. आमची चूक झाली. भरपाई देऊ."

जिंकलो! मी बाईंचा हात धरून गदागदा हलवला. बायकोने पर्समधून मशीनची जाहिरात काढून घडी उलगडली.

"हमीप्रमाणे चेक या नंबरावर नोंदणी असलेल्या मालकाच्या नावाने निघेल," असं म्हणत बाईंनी स्क्रीन आमच्याकडे फिरवला. "हे आपणच ना?"

स्क्रीनवर माझ्या मेहुण्याचं नाव होतं.

बायकोने जाहिरातीची घडी पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता दादाला फोन लावला. तो दुसरी डबी घेऊन धावत आला. तिच्यावर माझा नंबर होता! बाईंनी तेही नाणं भिंगाखाली धरलं आणि म्हणाल्या, "वा! हे मात्र अस्सल पासष्ट. बोट ठेवायला जागा नाही."

"ऐकलंत?" मी ओरडलोच. "मी काय म्हणत होतो? माझं पासष्टच! आणि तुमच्यावर गुण उधळलेले! उधळलेले!"

"मान्य, जावईबापू! शंभर वेळा मान्य!" मेहुणा हात जोडून म्हणाला. इतक्या दिवसांच्या भांडणात त्याने पहिल्यांदाच हार पत्करली होती. मग त्याने चेकसाठी सही केली.

आता मला सांगा, माझी नजर चुकली का? कंपनी चुकली, मेहुणा चुकला, मी एकटा बरोबर ठरलो! मंडळात ही हकीकत मी सगळ्यांना ऐकवली. माझं नाणं सध्या न्हाणीघराच्या खिडकीत, बादलीच्या वरच ठेवलंय, म्हणजे पिळे घालताना समोर दिसतं. पावतीवरचा नंबर बायकोने त्याच्याखाली चिकटवलाय.

काल मेहुण्याचा फोन आला. "जावईबापू, आमचं नवीन मशीन काय झकास आहे! एखादी चादर असेल तर पाठवून द्या."

"विजेत्याला उपकार नकोत!" मी ताडकन म्हणालो आणि फोन आपटला.

मग हात पुसून मीच पुन्हा लावला. "चादरी दोन आहेत. चालतील का हो?"