तात्या उभे राहिले

सुशांतच्या भावी सासऱ्यांना सिनेमाला न्यायची कल्पना मेघनाची. "आमच्या तात्यांना जुने पिक्चर जाम आवडतात रे. खूश झाले की लग्नाला हो म्हणतील," ती सुशांतला म्हणाली. जुने म्हणजे मराठी, हे सांगायचं ती विसरली. सुशांतच्या गिरगावातल्या फिल्म क्लबात त्या रविवारी होता नव्वदेक वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतल्या कुठल्याशा तळघरात सापडलेला गाण्यांचा विनोदी सिनेमा.

पडद्यावर एक जाडा गृहस्थ कारंज्यात पडत होता आणि बाहेर येऊन गात होता. का गात होता, हे हॉलमध्ये कुणालाच कळत नव्हतं. तात्या खुर्चीत चुळबुळत होते. त्यांना सिनेमा आवडला नाही, असं सुशांतला वाटलं. तेवढ्यात गणवेशातला बँड वाजू लागला आणि तात्या ताडकन उठले.

सुशांत गोंधळला. पण सासरे उभे असताना आपण बसायचं कसं? तोही उठला, मग मेघना उठली.

"काय झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्यांचं राष्ट्रगीत असेल. ऊठ ना!" त्याच्या शेजारचा म्हणाला.

बघता बघता हॉल उभा राहिला. आपल्याला हे ठाऊक नव्हतं असं दिसू नये, म्हणून क्लबचे अध्यक्ष सगळ्यांत ताठ उभे राहिले.

गाणं संपलं, मंडळी बसली. थोड्या वेळाने तात्या पुन्हा उठले. पडद्यावर गाणं चालूच होतं, या सिनेमात गाण्यांना तोटा नव्हता. पुन्हा सगळे उभे! आता तर स्वयंपाकी आणि मोलकरणी पातेली बडवत नाचत होत्या.

"राष्ट्रगीतावर नाचतात हे लोक?" मेघना पुटपुटली.

"अमेरिका आहे ती," सुशांत म्हणाला.

तात्यांचे डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. परक्या देशाबद्दल केवढा हा आदर, असं वाटून सुशांतला भरून आलं.

शेवटी दिवे लागले. अध्यक्ष हात जोडून पुढे आले, "काका, तुमचा अभ्यास दांडगा..." तात्यांनी त्यांना बाजूला सारलं आणि धूम ठोकली ती थेट मुतारीकडे.

बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर अपार शांती होती.

"तात्या, ते राष्ट्रगीत होतं ना?" सुशांतने भीत भीत विचारलं.

"कसलं राष्ट्रगीत? मी लघवीला उठत होतो! दर वेळी बघतो तर अख्खा हॉल उभा. म्हटलं, काहीतरी मानाचं असेल, मध्येच कसं जायचं? तू का उठत होतास, मेल्या?"

संपलं लग्न, असं सुशांतला वाटलं. "तुम्ही उठलात म्हणून," तो कसाबसा म्हणाला.

तात्यांनी त्याला नीट न्याहाळलं, मग मुलीकडे वळले.

"हा चालेल, मेघना. कारण न विचारता उठतो. फक्त लग्नाचा हॉल ठरवाल तेव्हा मुतारी कुठे आहे ते आधी बघा."