काचेच्या राज्यात वतनी कामे मोडिली त्याची हकीकत

श्री. निमिष न चुकविणाऱ्या काळदेवतेस दंडवत घालोन, आणि आमची चुकलेली तिने पोटात घालावी ऐसी विनंती करोन, हकीकत लिहिली ऐसी जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष मासी एक राज्य काचेचे होते. लोक त्यास ऊबपेटी म्हणत. महाराज वजनाने सव्वा शेर, दिवस पुरे न भरता जन्मास आलेले, नाकाडोळ्यांपेक्षा नळ्याच अधिक. महाराज गादीवर निजत, आणि गादीखाली नखाएवढ्या काळ्या चकतीत सारा दरबार नांदत असे. सरदार दोन. हैबतराव चपळ, निमिषात कामाचा फडशा पाडीत. सुभानराव संथ, त्याच कामास पाच निमिषे घेत, परंतु त्यांचे काम पुन्हा कोणास करावे लागले नाही. कामे वाटोन देणे कारभारी भिकाजीपंतांकडे. पंतांनी राज्य स्थापिले त्याच दिवशी सनदा लिहोन कामे वतनी करोन दिली. ऊब राखणे, हवा खेळविणे, श्वास मोजणे, वजनाचा आलेख काढणे, सारे हैबतरावांस, कारण ते चपळ. आणि पडद्यावर आकडे रंगविणे सुभानरावांस, कारण काही तरी द्यावे लागते. एकाचे वतन दुसऱ्याने केले तर अब्रू गेली, ऐसी चाल पडली. मग हैबतराव घामाघूम आणि सुभानराव मिशा कुरवाळीत, ऐसा कारभार चालला.

पौष शुद्ध सप्तमीस दोन प्रहरी महाराजांच्या मातोश्री वैजयंताबाई यांस बाळास हात लावण्याची परवानगी प्रथमच जाहली. मेटकरी सिस्टरांनी पडद्यावर बोट ठेवोन आठवड्याच्या वजनाचा आलेख मागितला, आणि मग बाजूची खिडकी उघडली, आणि मातोश्रींचा हात आत आला, आणि हातामागोमाग गार वारा शिरला. हैबतरावांचे दारी कामांची रांग लागली. आलेख पुढे, ऊब शेवटी, कारण ती मागाहून आली.

निमिषे मोजण्याचे काम सगुणाबाईंकडे होते. त्या म्हणाल्या, "पंत, आठ निमिषांत ऊब चढली नाही तर महाराजांचे पाय गार पडतील. रांग बारा निमिषांची आहे."

"उरकतील हो बाई. हैबतराव फार चपळ."

"चपळ आहेत, पण हात दोनच ना? तिकडे सुभानराव बसले आहेत की."

सुभानराव दुरोन म्हणाले, "बसलो नाही. आकडा सुकतो आहे."

"ऊब चढवायला किती घ्याल?"

"पाच. घाई कराल तर सहा."

पंत म्हणाले, "अन् हैबतरावांचा मान?"

रांगेच्या ढिगाखालोन हैबतरावांचा आवाज आला, "मान असू द्या पंत, आधी हे कोणी तरी उचला."

"सनद महाराजांपायी आहे," सगुणाबाई म्हणाल्या. "तेच गारठले तर ती दाखवाल कोणाला?"

पंतांनी सनद उलगडोन पुन्हा वाचिली. त्यात एक निमिष गेले, आणि पगडी नीट करण्यात दुसरे. मग सगुणाबाईंनी उबेचा हुकूम रांगेतून ओढोन सुभानरावांचे हाती दिला, आणि त्यांनी घाई न करिता पाच निमिषांत तारा तापविल्या. मुदतीचे एक निमिष शिल्लक राहिले.

आठवड्याचा आलेख मात्र लांब, हैबतरावांचे हातून अजून पुरा व्हावयाचा होता. वर सिस्टर म्हणाल्या, "हे मशीन ऐन वेळी अडकतं बघा. हात काढा जरा, बंद करून चालू करते."

बंद करणे म्हणजे चढलेली ऊब गेली.

"नको ना सिस्टर," मातोश्री म्हणाल्या, "बोट धरलंय त्यानं."

सिस्टर वाकोन बघत राहिल्या, आणि बघता बघता आलेख उमटला.

तात्पर्य, त्या दिवसापासोन वतने मोडिली. ज्याची मुदत आधी सरे ते काम आधी, आणि वेळेत होईल ऐशा मोकळ्या हाती. वाटणी दर निमिषास नवी. पंतांकडे शिक्का राहिला, कारभार बाईंकडे गेला. महाराज बावीस दिवसांनी दोन शेरांचे होवोन मातोश्रींचे कुशीत गेले. दरबाराचा निरोप घेतला नाही. दरबार आहे हेच त्यांस ठाऊक नव्हते, आणि दरबाराने त्यातच भरोन पावलो ऐसे मानिले.