दिसत नसले तरी असलेले नाव

इंदापूर तालुक्यातल्या एका दाखला केंद्रातून सणसरच्या नसरीनला रहिवासी दाखला मिळाला. त्यावर शिक्का होता, सही होती, क्यूआर कोडही होता. फक्त नावाची जागा कोरी होती. नर्सिंग कॉलेजात दाखला द्यायचा तो शेवटचा दिवस, म्हणून तिचे वडील रमजानभाई तिला घेऊन पुन्हा खिडकीशी आले.

केंद्रप्रमुख रणजितरावांनी दाखला उजेडात धरून पाहिला. संगणकात नाव आहे, म्हणजे दाखल्यावरही ते असणारच, असं त्यांनी सांगितलं. नियमानुसार तपासायच्या गोष्टी दोनच: आत गेलेली माहिती आणि बाहेर आलेला शिक्का. दोन्ही बिनचूक होत्या.

सुदैवाने यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीची श्रेया त्या दिवशी बारामतीहून आली होती. ती म्हणाली, एक्सएमएल या साठवणीच्या फाइलमधल्या माहितीची थेट पीडीएफ होत नाही. जावा भाषेतला प्रोग्रॅम आधी पानाच्या मांडणीची एक मधली फाइल बनवतो आणि काम होताच पुसून टाकतो. ती न पुसता उघडून बघू. जिला आवक क्रमांकच नाही ती फाइल उघडायची कशी, हे रणजितरावांना कळेना. शेवटी श्रेयानेच उघडली. नाव होतं, शुद्ध होतं आणि त्याला पांढरा रंग दिलेला होता. पूर्वी नावामागे निळी पट्टी छापली जायची, तिच्यावर ते पांढरं नाव उठून दिसायचं. शाई वाचवण्यासाठी ती काढायचा आदेश रणजितरावांचाच, आणि त्याबद्दल त्यांचा सत्कारही झालेला.

"एक शब्द बदलायचाय, सर. दहा मिनिटं सिस्टिम बंद ठेवावी लागेल," श्रेया म्हणाली.

पण चूक दुरुस्त केली की चूक झाली होती हे सिद्ध होतं. त्यापेक्षा रणजितरावांनी परिपत्रक काढलं: 'दाखल्यावरील नाव दिसत नसले तरी ते असल्याचे समजावे.' परिपत्रक त्याच यंत्रणेतून छापलं गेलं, त्यामुळे खाली त्यांचंही नाव उमटलं नाही. ते असल्याचं कर्मचाऱ्यांनी समजून घेतलं.

"साहेब, कॉलेजवाले समजून घेत न्हाईत," रमजानभाई म्हणाले. "पोरीनं दोन वर्सं रक्त आटवलंय. दहा मिन्टं बंद ठिवा की."

रणजितराव लोकशाही मानणारे. त्यांनी खिडकीतून रांगेलाच विचारलं, दहा मिनिटं थांबता का? कुणाला बस गाठायची होती, कुणाचा ट्रॅक्टर रस्त्यात उभा होता. रांगेने एकमताने नकार दिला.

पाच वाजता कॉलेज बंद झालं तेव्हा नसरीन खिडकीशीच उभी होती. रडून बसलेल्या आवाजात ती मागच्या माणसाला म्हणाली, "काका, तुमच्या बी दाखल्यावर नाव येणार न्हाय."

मागे तुम्ही होतात. तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि विचारलंत, "शिक्का तर येतोय ना?"