गृहकर्ज आणि गंगुबाईंची साक्ष

गृहकर्ज कसं घ्यावं, हे ऑफिसात सगळे मलाच विचारतात. म्हणजे विचारायचे. पाच बँकांचे व्याजदर, प्रोसेसिंग फी, फिक्स्ड की फ्लोटिंग, सगळा तक्ता मी एक्सेलमध्ये मांडला होता. तीन आठवडे खपून पाव टक्का स्वस्त बँक शोधली, तेव्हा बायको, योगिनी, म्हणाली, "सलिल, घर घेतोयस की पीएचडी करतोयस?"

घर ठाकुर्लीला होतं. वन बीएचके, पाचवा मजला. बिल्डरने बजावलं होतं, शनिवारपर्यंत बँकेचं मंजुरीपत्र आणा, नाहीतर फ्लॅट दुसऱ्या पार्टीला. अकरा वर्षं डोंबिवलीत भाड्याने काढली होती. हा फ्लॅट हातचा गेला असता तर योगिनीने मला त्या एक्सेलमध्येच राहायला पाठवलं असतं!

बुधवारी बँकेचा माणूस पत्त्याची खात्री करायला येणार होता. योगिनी कामावर गेली, मी रजा टाकली. नऊपासून दारात खुर्ची टाकून बसलो. साडेदहापर्यंत तीन चहा झाले, फाइल चार वेळा लावून झाली. अकराला मला राहवेना. बिचारा गल्ली चुकला असेल, म्हणून दाराला कुलूप लावून त्याला आणायला नाक्यावर गेलो. तो मागच्या गल्लीने आला.

परतलो तर समोरच्या दारात आमच्या घरमालकीण गंगुबाई वाल सोलत बसल्या होत्या. चेहरा एकदम खूश.

"बँकवाला आलेला. घालवला त्याला."

"घालवला म्हणजे?"

"सांगितलं, तो कवाच गेला गावाला. आता येत नाय. बायको पण गेली."

"अहो मावशी, पण असं का सांगितलंत?"

"तूच सांगितलेलास ना? बँकेचा कोण पण आला तर मी इथं राहत नाय सांगा म्हणून."

सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी क्रेडिट कार्ड विकणारे पिच्छा सोडत नव्हते, तेव्हा. मावशी विसरल्या असतील असं मी धरून चाललो होतो.

मी धावत सुटलो. रिक्षा स्टँडवर तो सापडला. प्रीतम त्याचं नाव.

"अहो, सलिल मीच. इथेच राहतो."

"रिपोर्ट गेला, सर. कुलपाचा फोटो पण गेला."

मग बँकेच्या विनिता मॅडमना फोन करून गयावया केली. त्यांनी शुक्रवारी पुन्हा माणूस पाठवायचं कबूल केलं. मी मावशींना दहादा विनवलं, "या वेळी सगळं खरं खरं सांगा." दोन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शुक्रवारी प्रीतम आला. शेजाऱ्यांना एकट्यानेच विचारायचं असतं म्हणून त्याने मला घरात बसवलं. मी दाराला कान लावला.

"माणूस कसा आहे?"

"चांगला हाय. परवा मी खोटं बोलली, ते पण त्यानंच शिकवलेलं. बँकवाले आले की मी नाय सांगा म्हणून."

मी कान दाराला आणखी घट्ट दाबला.

"भाडं वेळेवर येतं?"

"येतं ना. योगिनी देते, एक तारखेला. त्याच्या हातात असतं तर..." पुढचं ऐकू आलं नाही. बहुधा हातवारे झाले असावेत.

संध्याकाळी विनिता मॅडमचा फोन आला. "सर, तुमच्या नावावर कठीण आहे. पण तुमच्या मिसेस सहअर्जदार आहेतच. त्यांचा पगार चांगला, रेकॉर्ड स्वच्छ. आपण फक्त क्रम बदलू. मुख्य अर्जदार त्या, सहअर्जदार तुम्ही. शिवाय महिलांना व्याजात सूट आहे."

माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

शनिवारी दुपारी मंजुरीपत्र आलं. योगिनीने सही केली आणि सहअर्जदाराच्या रकान्यावर बोट ठेवून पेन माझ्याकडे सरकवलं.

आता आम्ही ठाकुर्लीला राहतो. परवा बँकेचं पत्र आलं, माझ्या नावाने. वॉचमनने गेटवरचं रजिस्टर उघडलं. त्यात फ्लॅटपुढे योगिनीचं एकटीचं नाव. "या नावाचं इथे कोणी राहत नाही," असं सांगून त्याने पत्र परत पाठवलं.

शपथेवर सांगतो, या वेळी मी कोणाला काही शिकवलं नव्हतं.